लोखंडी घोडीचे खडे बोल

मी एक जुनी घोडी आहे. लगेच खिंकाळू नका, मित्रांनो. मी गवत खात नाही, शर्यतीत पळत नाही आणि कोणाला पाठीवर घेऊन मिरवत नाही. गाडी जॅकने वर उचलली की तिच्याखाली जो लोखंडी टेकू उभा करतात, त्याला गॅरेजवाले घोडी म्हणतात. ती मी. सध्या भंगाराच्या ढिगावर पडून आहे. माझ्या एका बाजूला गंजलेला बाथटब आहे, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याच्या यंत्राचं पोट आहे, आणि दोघांशीही बोलण्यासारखं काही नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. तशी तुमच्याशी मैत्री करावी असं तुम्ही माणसांनी माझ्या देखत फारसं काही केलेलं नाही. सगळं ऐका, मग तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्र्यावर दाबयंत्राचा दणका बसला आणि मला चार पाय फुटले. वेल्डरने पाय एकमेकांना जोडले, मधोमध एक नळी उभी केली, नळीत दातेरी दांडा सोडला. दांड्याच्या टोकाला खोबण असते, त्यात गाडीचा भाग बसतो. बाजूला एक खटका असतो. दांडा वर ओढला की खटका दातात अडकतो आणि वरून कितीही भार आला तरी दांडा खाली येत नाही. ‘कितीही’ म्हणजे अर्थात जेवढा सोसेल तेवढा. आमची सोसायची ताकद मोजूनच आम्हाला बाहेर पाठवतात आणि तो आकडा आमच्या कपाळावर ठोकतात. माझ्या कपाळावर लिहिलं होतं, ‘भार दोन टन, दोघींचा मिळून’. दोघी म्हणजे मी आणि माझी जुळी बहीण. घोड्या जोडीनेच जन्मतात, जोडीनेच विकल्या जातात आणि जोडीनेच उभ्या राहतात.

कपाळावरचं वाचता येतं म्हणून माणूस शहाणा, असं मला कारखान्यात वाटायचं. मी तेव्हा लहान होते.

कारखान्यातून आम्ही अवजारांच्या एका दुकानात आलो. खालच्या फळीवर आम्ही दोघी, आणि समोर दर्शनी जागेवर लाल रंगाचा, लांब दांडीचा, चाकांवर सरपटणारा जॅक. मी त्याला जॅकराव म्हणते. दांडी खालीवर केली की जॅकराव गाडी उचलतो, आणि बघणाऱ्यांचे डोळे विस्फारतात. पण मित्रांनो, जॅकचं काम उचलायचं असतं, धरून ठेवायचं नसतं. जॅकरावाच्या पोटात तेल असतं आणि त्या तेलाला अडवून ठेवायला इवलंसं रबरी वायसर. वायसर रुसलं की जॅकराव बसले. आणि ते बसताना खाली कोण आहे हे विचारत नाहीत. उचलणारा वेगळा आणि धरणारा वेगळा, एवढी साधी गोष्ट. ती समजायला तुम्हाला पिढ्या लागतात.

माणसं कशी असतात ते मी त्या दुकानातच पाहिलं. एकजण आला, त्याला जॅक निळाच हवा होता, कारण गाडी निळी होती. दुसऱ्याने उभा, बाटलीसारखा जॅक नेला आणि संध्याकाळी परत घेऊन आला. त्याची गाडी इतकी बुटकी, की जॅक तिच्याखाली शिरेचना. “आधी गाडी थोडी उचलून मिळाली तर जॅक लागेल,” असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला. तिसरा आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “यातली एकच द्या. मी एकटाच असतो.” चौथा म्हणाला, “जॅक कशाला घ्यायचा? गाडीबरोबर आलाय की!” गाडीबरोबर येतो तो घडीचा चिमुकला जॅक. रस्त्यात चाक बदलायचं आणि त्याला परत डिकीत टाकायचं, एवढ्यापुरताच त्याचा जन्म. त्याच्या भरवशावर गाडीखाली झोपणारा माणूस पाहिला की मला झोपेचीच कीव येते.

आणि दुकानदार! गाडी कोणती, वजन किती, जमिनीपासून किती उंच, खाली फरशी आहे की माती, यातलं एक अक्षर तो कोणाला विचारत नसे. “घेऊन जा हो, मस्त आहे,” एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. चहावालाही चहात साखर किती ते विचारतो.

एके दिवशी तिघं आले. मत्स्यालयं बनवणारा एक माणूस, त्याची बायको आणि त्याचा थोरला भाऊ. मत्स्यालयं म्हणजे मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या. हा काचा कापायचा, चिकटवायचा आणि लोकांच्या घरी नेऊन बसवायचा. गल्लीत त्याला मासेवाला म्हणत. माणूस गरीब स्वभावाचा. कोणाला नाही म्हणणं त्याच्या तोंडी बसलंच नव्हतं. बायको हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत सिस्टर होती, मोडलेले हातपाय बांधायची. आणि थोरल्याचं पडद्यांचं दुकान होतं. जन्मभर पडदे वर-खाली करून त्याला असं वाटू लागलं होतं, की जगात जे जे वर जातं आणि खाली येतं त्यातलं सगळं आपल्याला कळतं.

“तसला लाल काढा,” थोरला म्हणाला. “आणि सगळ्यात मोठा द्या. मोठा घेतला की प्रश्नच मिटला.”

“भाऊजी, आपली गाडी छोटी आहे,” सिस्टर म्हणाली. “मोठा तिच्याखाली जाईल का?”

“जाईल गं. न जायला काय झालं?”

“अहो,” ती नवऱ्याकडे वळली, “गाडीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, मोजून आणायला सांगितलं होतं ना?”

मासेवाल्याने खिशातून सुतळीचा तुकडा काढला. त्याने त्या मापाची सुतळी कापून आणली होती. ती जॅकरावाच्या शेजारी उभी धरली. जॅकराव बुटका निघाला, म्हणजे गाडीखाली सहज शिरणार होता. थोरल्याने मागितलेला दुसरा, धिप्पाड लाल जॅक सुतळीपेक्षा उंच भरला. थोरला लगेच खोकला आणि दुकानाचा पंखा बघू लागला.

“ठीक आहे, हा द्या,” मासेवाला म्हणाला. “चला.”

“थांबा,” सिस्टर म्हणाली. “उचलल्यावर गाडीखाली कोण झोपणार?”

“मीच. दुसरं कोण?”

“मग गाडी कशावर टेकणार?”

“जॅकवर! त्याच्यासाठीच घेतोय ना?” थोरला हसला. दुकानदारही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायची त्याला सवय होती.

सिस्टर हसली नाही. “भाऊजी, जॅकवर विश्वास ठेवलेली माणसं आमच्याकडे येतात. जी येतात ती नशीबवान. बाकीची आमच्या खोलीपर्यंत पोचत नाहीत, परस्पर तळमजल्यावर नेतात.”

मग ती वाकली, आम्हा दोघींना उचलून तिने काउंटरवर ठेवलं, पाय डगमगतात का ते पाहिलं, खटका वर-खाली केला आणि माझ्या कपाळावरचं वाचलं. माझ्या आयुष्यात ते वाचणारी ती पहिली. “छोट्या गाडीला पुरे आहे,” ती म्हणाली. “बांधा.”

मला ती आवडली असं म्हणणार नाही. तिच्याबद्दल तिरस्कार वाटला नाही, एवढं म्हणते. माझ्याकडून तेवढंसुद्धा फार झालं.

त्यांच्या घरामागे सिमेंटचं अंगण होतं. एका बाजूला काचा कापायचं शेड, त्यात चिकटवायच्या गोंदाचा आंबूस वास. अंगणात आम्ही कामाला लागलो. पहिल्या वेळी सिस्टर स्वतः उभी राहिली. सपाट जागा. हँडब्रेक ओढलेला. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी. जॅकराव गाडीच्या पत्र्याला नाही, तर खालच्या मजबूत जागेला लावायचा. गाडी वर गेली की आम्ही दोघी दोन बाजूंना, सारख्या उंचीला. मग जॅक हळूच सैल करायचा आणि भार आमच्यावर घ्यायचा. आणि आत शिरण्याआधी गाडीला खांद्याने चांगला हिसका द्यायचा.

“हलवून बघा,” ती म्हणायची. “पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.”

गाडी हलत नसे. आम्ही होतो ना. मासेवाला आत शिरायचा, तेल बदलायचा, शीळ घालायचा आणि बाहेर येऊन कोणाचं कौतुक करायचा? जॅकरावाचं! “काय उचलतो बघ राव, एका हाताने!” शेजारीपाजारी येऊन त्याची दांडी दाबून बघायचे. आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. चालायचंच. छपराचं कौतुक कोणी करत नाही, गळेपर्यंत.

वर्षं गेली. सवय झाली आणि सवयीबरोबर आळस आला. आधी पाचरी विसरल्या. मग हिसका द्यायचं राहून जाऊ लागलं. मासेवाला वाईट माणूस नव्हता हो. पण चांगुलपणाच्या टेकूवर गाडी उभी राहत नाही.

पुढे धंदा वाढला. दवाखान्यांना, बँकांना, हॉटेलांना मत्स्यालयं हवीशी झाली. वाट बघणाऱ्या माणसाला मासे दाखवले की तो तक्रार करत नाही, असा कोणीतरी शोध लावला होता. काचा मोठ्या झाल्या आणि छोटी गाडी पुरेना. तिच्या जागी व्हॅन आली, उंच आणि जड.

“आता या घोड्या चालणार नाहीत,” सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली. “जॅकही पुरणार नाही. नव्या मापाचं सगळं नवं घ्यायला हवं.”

“रविवारी जाऊ,” मासेवाला म्हणाला.

रविवार आले आणि गेले. एका रविवारी पाहुणे, एका रविवारी काच फुटली, एका रविवारी नुसतीच झोप. आणि थोरला येऊन सांगायचा, “आहेत त्या काय वाईट आहेत? लोखंड आहे ते. लोखंडाला काय होतंय?” लोखंडाला काय होतं ते पडदेवाल्याने सांगावं! एवढ्यावर तो थांबला नाही. एकदा त्याने माझ्या बहिणीला उचललं आणि घरी घेऊन गेला. त्याच्या गॅलरीत कुंडी ठेवायला तिवई हवी होती म्हणे. मासेवाला बघत राहिला. दादाला नाही कसं म्हणायचं?

सिस्टरला ते बऱ्याच दिवसांनी कळलं. “जोडी का मोडली?” तिने विचारलं.

“दादा परत आणून देतो म्हणालाय.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत मी कशाला गाडीखाली शिरतोय?”

मित्रांनो, ‘कशाला करतोय’ असं म्हणणारा माणूस ते हमखास करतो.

तो दिवस आला. दुपारची वेळ होती. सिस्टर सकाळच्या पाळीला गेलेली. व्हॅनमध्ये काचा भरून ठेवलेल्या, दातांच्या एका डॉक्टरकडे भलंमोठं मत्स्यालय बसवायचं होतं. निघताना लक्षात आलं की सायलेन्सरचा पाइप लोंबतोय आणि जमिनीला घासून खडखडतोय.

“एक बोल्ट आवळायचाय,” मासेवाला म्हणाला. “कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊ का?”

“एका बोल्टासाठी?” थोरला तिथेच होता. अशा वेळी तो नेहमी तिथेच असतो. “दोन मिनिटांचं काम. जॅक काढ.”

“काचा उतरवायच्या का आधी?”

“उतरवायच्या आणि परत चढवायच्या? वेडा आहेस का?”

जॅकरावाला आणलं. व्हॅन उंच, जॅकराव बुटका. तो सगळा ताणला तरी मागची बाजू म्हणावी तशी उचलली जाईना. मग थोरल्याने त्याच्या डोक्यावर फळीचा तुकडा ठेवला. लाकूड कण्हत होतं, जॅकराव कण्हत होता, थोरला म्हणत होता, “बघ, जातंय की नाही!” उजव्या बाजूला मला उभं केलं. डावीकडे माझी बहीण हवी होती. ती होती कुंडीखाली. थोरल्याने शेडमागून विटा आणल्या आणि एकावर एक रचल्या.

विटांबद्दल माझं काही म्हणणं नाही. भिंतीत त्या शहाण्यासारख्या वागतात. पण गाडीखालची वीट आधी तडकत नाही, इशारा देत नाही. ती एकदम भुगा होते.

मग थोरल्याने जॅकराव सैल केला आणि मध्ये पाय लागतो म्हणून ओढून बाजूलाही ठेवला. चाकांना पाचरी नाहीत. हिसका कोणी दिला नाही. बहुधा दिला असता तर सगळं तेव्हाच, बाहेरच्या बाहेर आटोपलं असतं. मासेवाला पाठीवर झोपून आत सरकला. त्याचं डोकं माझ्याजवळ आलं आणि डावा हात विटांच्या बाजूला गेला. मी आधीच भाराखाली दबले होते. दोघींसाठीचा भार एकीवर, वर काचा. माझे पाय पसरत होते. मला ओरडता येत नाही. आलं असतं तरी ही मंडळी म्हणाली असती, ‘जुनी आहे, कुरकुरते.’

बोल्ट गंजलेला होता. मासेवाल्याने पाना लावून जोर केला. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा त्याने दात-ओठ खाऊन ओढलं आणि व्हॅन हलली. इतकीशीच. विटांना तेवढं पुरलं.

फट् असा आवाज झाला. डावी बाजू धाडकन खाली आली. आतल्या काचा घसरून एकमेकींवर आदळल्या. सगळी गाडी डावीकडे कलली आणि माझ्यावर तिरका भार आला. माझा एक पाय दुमडला, दुसरा वाकला, पण दांडा नळीत तसाच वेडावाकडा रुतून बसला आणि उजवी बाजू खाली आली नाही. मासेवाल्याची छाती मोकळी राहिली. डावा हात मात्र मागच्या चाकांना जोडणारा आस आणि विटांचा ढीग यांच्यामध्ये सापडला.

तो ओरडला.

थोरला, ज्याला सगळं कळत होतं, तो आधी गाडीच्या मागे गेला, मग पुढे गेला, मग व्हॅन हातांनी उचलू लागला. काचांनी भरलेली व्हॅन! मग त्याने धाकट्याचे दोन्ही पाय पकडले आणि ओढायला लागला.

“दादा, नको, हात...” आतून आवाज आला.

“पाय सोडा!”

अंगणाच्या फाटकात सिस्टर उभी होती. पाळी संपवून आलेली, हातात पिशवी, पायात हॉस्पिटलच्याच चपला. पिशवी तिने टाकून दिली. “भाऊजी, पाय सोडा म्हणते ना! गाडीला कोणी हात लावू नका.”

ती जमिनीवर आडवी झाली आणि आत बघू लागली. तिची नजर आधी नवऱ्यावर गेली, मग माझ्या दुमडलेल्या पायावर. एका क्षणात तिला कळलं की मी किती वेळ उभी राहणार ते कोणीच सांगू शकत नाही. मलाही माहीत नव्हतं.

“ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“श्वास?”

“घेता येतोय.”

“डाव्या हाताची बोटं हलवा. हलतात?”

“दोन हलतात. बाकीची कळत नाहीत.”

“बरं आहे. अजिबात हलू नका. बोलत राहा. भाऊजी, पळत जा आणि पंक्चरवाल्याला बोलवा. व्हॅनला चालेल असा जॅक आणि दोन मोठ्या घोड्या घेऊन ये म्हणावं. दोन. आणि अँब्युलन्सला फोन करा.”

“आपला जॅक आहे ना इथे, मी परत फळी लावून...”

“भाऊजी!” तिने नुसतं बघितलं. थोरला पळाला. चपला अंगणातच राहिल्या.

तिने पुढच्या चाकांना विटांचे तुकडे आणि पाचरी ठोकल्या. मग परत आडवी झाली आणि आत हात घालून नवऱ्याच्या उजव्या पावलावर ठेवला, तेवढाच तिला पोचत होता.

“बोला काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. काय दिसतंय ते सांगा.”

त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता, घामाने थबथबलेला. “इथे घोडीवर काहीतरी लिहिलंय,” तो म्हणाला. “भार दोन टन... दोघींचा मिळून.” पुन्हा वाचलं. “अगं, दोघींचा मिळून लिहिलंय.”

“हो,” सिस्टर म्हणाली. “तेच लिहिलंय.”

इतकी वर्षं तो माझ्या शेजारी झोपला होता, शीळ घालत. वाचायला त्याला हात चिरडून घ्यावा लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. दुखण्याचं असेल, दुसऱ्या कशाचं असेल. मी विचारपूस करणाऱ्यांतली नाही.

पंक्चरवाला आला. त्याचा जॅक उंच आणि रुंद बुडाचा होता आणि घोड्या माझ्या दुप्पट जाड. “मी आधीच सांगितलं होतं,” हे त्याचं पहिलं वाक्य. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण हात त्याचे नीट चालले. सिस्टरने दाखवलेल्या जागी त्याने जॅक लावला, डावी बाजू हळूहळू वर घेतली, दोन्ही बाजूंना त्या दोन घोड्या सरकवल्या, आणि मग तिनेच गाडीला खांदा लावून पाहिलं. गाडी ढिम्म. तेव्हाच तिने नवऱ्याला बाहेर घेतलं. कोपरापासून खाली हात कसा तरीच दिसत होता. थोरल्याने तो पाहिला आणि अंगणातच बसकण मारली. रडू लागला. या एका कामात त्याने कोणाला सल्ला दिला नाही.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं. हाताची दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर तिच्याच खोलीत घातलं, पण तिने नाही. ती पट्टी भिजवायला गेली आणि तीच पट्टी पुन्हा पुन्हा भिजवत राहिली, म्हणून बरोबरच्या सिस्टरने तिला खुर्चीवर बसवलं आणि काम पुरं केलं. दोन बोटं पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. काच धरताना मासेवाल्याला आता हातमोज्यात कापूस भरावा लागणार.

तो घरी आला आणि माझं कौतुक सुरू झालं. मित्रांनो, या भागाची मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

“या घोडीने मला वाचवलं,” मासेवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याने मला फडक्याने पुसलं. काचेची पेटी करून तीत मला ठेवायचा त्याचा विचार होता, माशांच्या पेटीशेजारी! शेजारचे बघायला यायचे. कोणी म्हणे, काय मजबूत माल! एकजण म्हणाला, “तुम्हाला नको असेल तर मला द्या. पाय सरळ करून घेतो.” आणि थोरला? थोरला हातोडा घेऊन आला. त्याला माझी सेवाच करायची होती. “चार ठोके घातले की उभी राहील. आणि दुसरीही आणून देतो. कुंडी काय, कशावरही राहील.”

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. “हातोडा खाली ठेवा, भाऊजी.”

“अगं, चांगलं लोखंड आहे. हिने जीव वाचवलाय याचा.”

“हिने वाचवलेला नाही.”

“असं काय म्हणतेस?” मासेवाला दुखावला. “ही नसती तर...”

“ही पुरेशी नव्हती. हिचा पाय दुमडला. दुमडता दुमडता अडकली, म्हणून तुम्ही आहात. अजून थोडी वाकली असती तर मी आज इथे उभी नसते, आणि तुम्ही हिला पेटीत ठेवायच्या गोष्टी करत नसता. यात हिचं कौतुक काय करायचं? हिला तो भार दिलाच कोणी?”

थोरला मान खाली घालून उभा राहिला. हातोडा त्याने खरंच खाली ठेवला.

आणि मी? माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं. मजबूत, दणकट, उपकारी, देवासारखी, ही सगळी विशेषणं मला चिकटत नव्हती, ओल्या भिंतीवरच्या रंगासारखी गळून पडत होती. ‘पुरेशी नव्हती’ हे मात्र बरोबर बसलं. मी छोट्या गाडीची अर्धी जोडी. व्हॅनखाली मी पुरेशी नव्हतेच.

“एकदा वाकलेली घोडी कोणाच्याच गाडीखाली जाता कामा नये,” ती म्हणाली. “सरळ केली तरी नाही. आपल्याही नाही, शेजाऱ्यांच्याही नाही.”

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन या भंगाराच्या वखारीत आली. मासेवाला बरोबर होता, हात गळ्यात बांधलेला. वखारवाल्याने मला हातात घेऊन फिरवलं. “टाकू नका बाई. वेल्डिंग मारून विकली जाईल. गिऱ्हाईक लगेच मिळेल.”

“म्हणूनच आलेय,” ती म्हणाली. “कापा. माझ्या समोर.”

“मधोमध?”

“दांडा वेगळा, पाय वेगळे.”

त्याने कटर लावला. ठिणग्या उडाल्या. ती डोळे बारीक करून बघत राहिली, तोंड फिरवलं नाही. दांडा खोबणीसकट सुटून खाली पडला. वखारवाल्याने तो उचलायला हात पुढे केला, पण तिने आधी उचलला, पदराने पुसलादेखील नाही, तसाच काळाकुट्ट पिशवीत टाकला.

“तो कशाला नेताय?” वखारवाला हिरमुसला.

“दोन्ही तुकडे एका ठिकाणी राहिले तर तुम्ही जोडाल.”

वखारवाला हसला, कारण तो जोडणारच होता. मासेवाला मात्र हसला नाही. निघताना तो माझ्यापाशी क्षणभर थांबला, काही बोलणार होता. ती म्हणाली, “चला. नवी जोडी बघायला जायचंय ना? व्हॅनच्या कागदावरचं वजन लिहून घेतलंय का?” त्याने मोकळ्या हाताने खिसा चाचपला आणि मान डोलावली. रविवार नव्हता. मधल्याच कुठल्या तरी वारी ते दुकानात गेले.

तर मित्रांनो, आता उपदेशाची पाळी. मला पुसू नका, जपू नका, काचेत ठेवू नका. गाडी उचलण्याआधी तिचं वजन किती ते शोधा. तेवढा भार सोसणारा जॅक घ्या, जो तिच्याखाली शिरेल आणि तिला हवं तितकं वर नेईल. तेवढ्याच भाराच्या घोड्या घ्या, दोन, आणि दोन म्हणजे दोनच. विटा नकोत, फळ्या नकोत आणि थोरले नकोत. जमीन टणक बघा, चाकांना पाचर लावा, आणि आत जाण्याआधी गाडीला हिसका द्या. एवढं कराल असं मला वाटत नाही. तुम्ही निळ्या गाडीला निळा जॅक शोधाल. तरी सांगून ठेवते, कारण तुमच्यातही कोणाच्या तरी घरी एखादी बाई पाळीवरून परत येत असेल, आणि फाटकातून आत पाऊल टाकताना तिला तुमचे नुसते पाय दिसू नयेत.

माझं तेवढंच. तिने माझा दांडा, म्हणजे माझी मानच, कापून नेली. शेवटी शेवटी पुष्कळांनी मला मान दिला, तो सगळा खोटा होता. हिने माझी मान नेली, आणि तो एकच मान खरा.